रात्रीचा कॉल आणि पहाटेचा अलार्म चुकू नये म्हणून: मोबाईलच्या आवाजाची मांडणी

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत रात्री लाईट आली की मोटारीचा मोबाईल स्टार्टर मालकाला कॉल करतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्याची सगळी भिस्त पहाटेच्या अलार्मवर असते. हे आवाज चुकले तर नुकसान आहे, व्हॉट्सअॅपची टिंगटिंग चुकली तर काही बिघडत नाही. म्हणून सेटिंग्ज उघडण्याआधी ठरवा की आपल्याला कोणते दोन-तीन आवाज चुकवून चालणार नाहीत. बाकी सगळं त्यांच्याभोवती लावायचं.

अँड्रॉइडमध्ये आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात: मीडिया, कॉल, रिंग, नोटिफिकेशन आणि अलार्म. बाजूचं आवाजाचं बटण एकदा दाबा, स्क्रीनवर आलेल्या पट्टीजवळचे तीन ठिपके किंवा गिअरचं चिन्ह दाबा, सगळ्या पट्ट्या दिसतील. रिंग आणि नोटिफिकेशन एकाच पट्टीवर असतील तर फोनचं अँड्रॉइड जुनं असण्याची शक्यता आहे. मूळ अँड्रॉइडमध्ये या दोन पट्ट्या १४व्या आवृत्तीपासून वेगळ्या झाल्या. सॅमसंगमध्ये त्या आधीपासूनच वेगळ्या आहेत.

खरा घोळ बाजूच्या बटणाचा आहे. २०१८च्या अँड्रॉइड ९ पासून ते बटण आधी मीडियाचा आवाज बदलतं. ‘बटण वरपर्यंत दाबलं तरी रिंग ऐकू येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं: वाढला तो गाण्यांचा आवाज, रिंग होती तिथेच राहिली. सॅमसंगमध्ये पट्ट्या उघडल्यावर ‘यूज व्हॉल्यूम कीज फॉर मीडिया’ बंद करा. मग काही वाजत नसताना बटण रिंगवर काम करेल आणि गाणं चालू असताना गाण्यावर. ही सोय नसलेल्या फोनमध्ये रिंग कायम पट्टीवरूनच बदला. कॉलचा आवाज मात्र कॉल चालू असतानाच बटणाने लावा. कानाशी धरलेला फोन, स्पीकर आणि ब्लूटूथ यांचा आवाज फोन वेगवेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळे तिन्हीकडे एकेकदा लावावा लागतो.

स्टार्टरमधल्या सिमचा नंबर ‘मोटार’ नावाने सेव्ह करा. कॉन्टॅक्ट उघडून तीन ठिपके, मग ‘सेट रिंगटोन’, आणि घरातल्या कुणाच्याही फोनवर नसलेली कर्कश रिंग निवडा. त्याच कॉन्टॅक्टला तारा लावा. आता सेटिंग्जमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ (ठरलेल्या वेळी फोन गप्प ठेवणारी सोय) उघडा, कॉलमध्ये फक्त तारांकित कॉन्टॅक्टना परवानगी द्या, अलार्म चालू ठेवा आणि वेळापत्रकात रात्री १० ते पहाटे ५ लावा. ‘रिपीट कॉलर्स’ही चालू असू द्या: तोच नंबर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर तो वाजतो. गावाकडून अडचणीचा कॉल तारा नसलेल्या नंबरवरूनही येऊ शकतो, त्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. आयफोनमध्ये हीच मुदत तीन मिनिटांची आहे.

इथे एक चूक हमखास होते. काळाराम मंदिरात किंवा मीटिंगमध्ये फोन व्हायब्रेटवर टाकला आणि परत काढायचा राहिला. डू नॉट डिस्टर्ब तारांकित कॉलला वाट देतो, पण शून्यावर असलेली रिंग वर उचलत नाही. परवानगी सगळी बरोबर असूनही फोन नुसता थरथरत राहतो. झोपण्याआधी रिंगची पट्टी पाहायची सवय लावा.

अलार्मची गोष्ट निराळी आहे. फोन व्हायब्रेटवर असला तरी अलार्म आपल्या पट्टीप्रमाणे वाजतो. पण गूगलच्या क्लॉक अॅपमध्ये अलार्म वाजताना बाजूचं बटण अलार्मचाच आवाज कमी-जास्त करतं. अर्धवट झोपेत बटण खाली दाबलं की आवाज तिथेच बसतो आणि दुसऱ्या दिवशीचा अलार्म कुजबुजतो. क्लॉकच्या सेटिंग्जमध्ये ‘व्हॉल्यूम बटन्स’ शोधा आणि ‘स्नूझ’ निवडा. ‘डिसमिस’ नको, झोपेत एकाच दाबात अलार्म त्या दिवसापुरता बंद होतो. आयफोनवर अलार्म रिंगच्याच आवाजाने वाजतो, म्हणून सेटिंग्जमधल्या ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये ‘चेंज विथ बटन्स’ बंद ठेवा. नाहीतर रात्री बटणाने कमी केलेला आवाज पहाटे अलार्मला भोवतो.

ब्लूटूथ इअरफोन एकदम मोठा किंवा अगदीच बारीक वाजत असेल तर फोनची आणि इअरफोनची पट्टी एकमेकांशी नीट जुळलेली नसते. ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील (शाओमीच्या फोनवर बिल्ड नंबरऐवजी ओएसच्या आवृत्तीवर). त्यात ‘डिसेबल अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करा, इअरफोन तोडून पुन्हा जोडा. यानंतर दोन्हीकडचे आवाज वेगळे होतात, म्हणून जोडण्याआधी फोनचा आवाज खाली आणा. फरक पडला नाही तर ती सेटिंग पूर्ववत करा. बाकी डेव्हलपर ऑप्शन्सना हात लावू नका.

मीडियाच्या साधारण १५ पायऱ्या असतात आणि रात्री पहिलीही मोठी वाटते. सॅमसंगवर ‘साउंड असिस्टंट’ अॅपमधून पायऱ्या बारीक करता येतात. मशीनच्या घरघरीवर मात करायला इअरफोनचा आवाज चढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आणि कारखान्यातला गोंगाट त्यात आणखी भर घालतो.

आवाज आपोआप वाढतोय किंवा कमी होतोय असं वाटलं तर आधी कव्हर काढून पाहा. घट्ट कव्हर बटण दाबून धरतं, आणि ते सहज लक्षात येत नाही. कव्हर काढूनही तसंच चाललं तर बटणाखालची स्ट्रिप खराब झाली असेल. बऱ्याच फोनमध्ये ती वेगळी बदलता येते, त्यामुळे एम. जी. रोडवर दुरुस्तीला देताना आधी तेवढंच विचारा. तोवर ‘अॅक्सेसिबिलिटी मेनू’ चालू करा, आवाजाची बटणं स्क्रीनवर मिळतात. दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबली गेली तर काही फोनमध्ये टॉकबॅक सुरू होतो आणि फोन प्रत्येक गोष्ट मोठ्याने वाचू लागतो. तीच दोन बटणं पुन्हा तितकाच वेळ धरली की तो थांबतो.

सगळं लावून झालं की रात्रीचं वेळापत्रक चालू असताना, स्क्रीन लॉक करून, घरातल्या दोन फोनवरून कॉल करून पाहा: एक तारांकित, एक बिनताऱ्याचा. पहिला वाजला पाहिजे, दुसरा गप्प राहिला पाहिजे. बिनताऱ्यावरून लगेच दुसरा कॉल करा, तो वाजला पाहिजे.