मणक्याच्या ऑपरेशननंतरचे धडे लॅपटॉपवर कसे तयार करावेत

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मणक्यातील सरकलेल्या गादीचे ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला होते, काही दिवसांत सुट्टी मिळते आणि रुग्ण सुमारे १३० किलोमीटरवरच्या आपल्या घरी परततो. सुट्टीच्या गडबडीत ऐकलेल्या सूचनांपैकी निम्म्या वाटेतच विसरलेल्या असतात आणि हातातला कागद बहुधा इंग्रजीत असतो. ही उणीव घरातला लॅपटॉप किंवा मोबाइल बऱ्याच अंशी भरून काढू शकतो. मात्र इंटरनेटवरचे आयते व्हिडिओ त्यासाठी पुरत नाहीत. त्यांतला रुग्ण उंच पलंगावरून उठतो आणि कमोडवर बसतो, तर आपल्याकडे झोळ पडलेली बाज आणि उकिडवे बसण्याचा संडास असतो. म्हणून धडे रुग्णाच्या घरातलेच असावेत.

पहिले काम सुट्टीच्या आदल्या दिवशी करावे. फिजिओथेरपिस्टची परवानगी घेऊन, ते रुग्णाला अंथरुणातून उठवत असताना मोबाइलवर चित्रण करावे. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर ओंडक्यासारखी एकदम वळवून कुशीवर यायचे, पाय कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देऊन बसते व्हायचे. पाठीला पीळ पडू न देणे हे यातले मर्म असल्याने चित्रण बाजूने घ्यावे, समोरून खांदा आणि कंबर यांचा मेळ दिसत नाही. बाजेवर कंबर खचते व उठताना आधार मिळत नाही, त्यामुळे घरी सपाट, टणक पलंगाची सोय आधीच करावी. संडासासाठी मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते.

घरी आल्यावर चित्रणाचे एक-दोन मिनिटांचे तुकडे करून ‘०१ उठणे’, ‘०२ चालणे’, ‘०३ बसणे’ अशी नावे द्यावीत, म्हणजे ते क्रमाने लागतात. आवाज घरातल्याच कोणाचा असावा. सूनबाईंच्या तोंडची बोली आजोबांना अनोळखी निवेदकाच्या पुस्तकी मराठीपेक्षा लवकर कळते. फाइली लॅपटॉपमध्येच साठवाव्यात, कारण गावात नेटवर्कचा भरवसा नसतो.

वजनाचा धडा मात्र सावकाश करावा, कारण चुका इथेच होतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अनेक सर्जन चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू देत नाहीत. नेमका आकडा आपल्या सर्जनकडून लिहून घ्यावा. पण ‘पाच किलो’ म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे येत नाही. एक लिटर पाणी एक किलोचे, म्हणजे पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंहून अधिक होते आणि युरियाचे पोते ४५ किलोंचे असते. घरातल्या तांब्याचा, कळशीचा, बादलीचा आणि पोत्याचा फोटो काढून चालेल त्यावर हिरवी, चालणार नाही त्यावर लाल खूण करावी. कापूस वेचणीचाही एक फोटो लाल खुणेनिशी ठेवावा, कारण त्यात वजन नसले तरी वाकणे दिवसभराचे असते.

धडा दाखवून झाल्यावर ‘समजलं का?’ असे विचारू नये, त्याला उत्तर ‘हो’ असेच येते. लॅपटॉप मिटवून म्हणावे, “आबा, आता तुम्ही करून दाखवा.” जिथे अडखळतील तोच तुकडा पुन्हा लावावा. चालण्यासाठी मोबाइलवर दिवसातून चार-पाच वेळा गजर लावावा. अंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावे.

धोक्याचे पान वेगळे करून पडद्यावर सर्वांत वर ठेवावे. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागेवर बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे किंवा अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू येणे आणि एका पोटरीला सूज व दुखणे, यांसाठी त्याच दिवशी सर्जनशी बोलावे.

तपासणीला जाताना फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावेत आणि कोणती लाल खूण आता हिरवी करायची, हे डॉक्टरांनाच विचारावे.