मोठं झालेलं पिल्लू पुन्हा घरात शू करायला लागलं तर

उन्हाळाभर शहाण्यासारखं खळ्याबाहेर जाणारं आठ महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू मृग लागला की पडवीत शू करायला लागतं. आमच्या भुऱ्याचं तेच झालं. पहाटे मागचं दार उघडलं, तर हा पागोळ्यांपाशी थबकला, पुढचा पाय झटकला आणि वळून थेट भाताच्या कणगीशी जाऊन मोकळा झाला. खोडी नव्हती, पाय ओले करायचे नव्हते.

करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, बाहेर न्या, उरलेली तिथे झाली की लगेच लाड करा. नंतर लक्षात आलं तर मुकाट फडकं घ्या. नाक घासणं, फटका देणं आपल्याकडे सर्रास चालतं. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर करायची नाही. मग पलंगाखाली करतं.

खरी मेख वासात आहे. आपल्याला येत नाही, त्याला येतो, आणि ते त्याच जागी परत जातं. आधी जुन्या कापडाने दाबून टिपा. घासलं की पसरते. फरशी असेल तर एन्झाइमवालं क्लीनर, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, दहा मिनिटं राहू द्या. कडप्पा आणि कोब्यावर मात्र व्हिनेगर नको, दगड खातं. ब्लीचिंग पावडर तर मुळीच टाकू नका, शूमधल्या अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. फिनेल नुसता वास झाकतं, वर पिल्लाने चाटलं तर पंचाईत.

सारवलेल्या जमिनीत शू मुरते. ओला थर खुरप्याने खरवडून बाहेर टाका, जागा सुकू द्या, मग नवी माती आणि शेण. वरूनच सारवलंत तर पावसाळी दमट हवेत वास पुन्हा उठतो.

आता त्याला कोरडी जागा द्या. मागल्या दारी पत्र्याखाली चार चिरे मांडून मध्ये वाळू घाला, त्यावर शूने भिजलेलं फडकं ठेवा. झोपून उठल्यावर, जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांत, खेळ झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी पट्टा लावून तिथेच न्या. पहिले दोन आठवडे दिवसा दर 2-3 तासांनी. लक्ष ठेवायला कोणी नसेल तेव्हा घरभर मोकळं सोडू नका.

सहा महिन्यांपुढचा नर खांबावर, कणगीवर पाय उचलून थोडी थोडी सोडत असेल तर ती हद्द आखणं असतं. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. एकाएकी थेंब थेंब, वारंवार, रक्त मिसळलेली होत असेल, किंवा पाणी फार पीत असेल, तर शिकवणं बाजूला ठेवून आधी तपासणी.

पुसताना हातमोजे घाला. पावसाळ्यात कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार) असतो आणि कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. त्याची लस कुत्र्याला दरवर्षी टोचून घ्यायची असते. भुऱ्याची आम्ही मे महिन्यातच उरकतो.