गाडीचं नाक वळणाबाहेर जातंय? आधी हवा, मग बार

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅक वळणात बाहेर सरकत असेल, तर लगेच स्प्रिंग बदलायला धावू नका. पुढच्या टायरच्या कडेवरून साइडवॉलपर्यंत (टायरची उभी बाजू) खडूची आडवी रेघ मारा आणि बंद ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या घ्या. खडू कडेखाली, साइडवॉलवरही पुसला गेला, तर टायर मुडपतोय. हवा 2 पीएसआयने वाढवा, टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आतच. तरीही फरक नाही? मग मागचा अ‍ॅडजस्टेबल अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा, वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) एक भोक कडक करा: लिंक (बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) बारच्या टोकाकडून आतल्या भोकात, दोन्ही बाजूंना सारखीच. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. बार अति कडक झाला, तर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मागची बाजू फेकली जाते. ओल्या ट्रॅकवर तर हमखास. पावसात तो पुन्हा मऊ करा.