वाजवत, चिडवत नवरी घरात घ्यायची तर

कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात नवी जोडी गुपचूप शिरली, असं मी कधी बघितलं नाही. तीन भाच्यांच्या वरातीला दार मीच अडवलंय, म्हणून सांगते.

साउंड सिस्टीम लावू नका. त्या स्पीकरच्या भिंतीपुढं करवलीची थट्टा कुणाला ऐकू जाणार? हलगी, जोडीला घुमकं हा ढोल आणि कैताळ म्हणजे झांजा, असा ताफा सांगा. बिदागी आधी ठरवा आणि वाजवणाऱ्यांना पाहुण्यांच्याच पंगतीला बसवा. आणि वरात वेळेत काढा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाजवायला कायद्यानं मनाई आहे; गल्लीत तान्ही पोरं, म्हातारी माणसं असतात.

कातडी हलगी असेल तर वाळल्या पाचटाचा एक भारा दाराशी ठेवाच. मधल्या भाच्याच्या लग्नात वळीव आला आणि हलगी भिजून बद्द बद्द वाजायला लागली. शेवटी मिठाईचे रिकामे खोके पेटवले. वाजवणारे मामा हलगी जाळावर धरून सारखी फिरवत होते, मधेच बोटानं टिचकी मारून कान लावत होते. एका जागी धरली तर कातडं तडकतं. चौथ्या-पाचव्या टिचकीला टण्ण आवाज आला आणि अख्खी गल्ली बाहेर आली.

फ्रान्समध्येही शारिवारी नावाची अशी रीत होती. जोडप्याच्या खिडकीखाली भांडी बडवायची. पण तिकडं ती बरेचदा हेटाळणीसाठी असायची, म्हाताऱ्या विधुरानं तरुण मुलीशी लग्न केलं म्हणून वगैरे. आपला गोंगाट तसा नको. रंग, उंची, माहेरनं काय दिलं, यावर एक शब्द नको. चिडवायचं ते आपल्या पोराला.

उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं की करवल्यांनी दारात आडवं उभं राहायचं. आधी नवरीला पाणी द्या. दिवसभर शालूत उभी राहून तिचं तोंड सुकलेलं असतं. मग हलगी थांबवायची आणि करवल्यांनी सुरू करायचं:

खासबागेत कुस्ती मारली, सांगतो आमचा दादा,
वहिनीपुढं उभा राहिला, बघा कसा साधा!

यावर हलगीचा एक कडकडाट. मग नवरीनं नाव घ्यायचं. थोरल्या सुनेनं घेतलेलं मला अजून पाठ आहे:

रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळचा वारा,
रावांचं नाव घेते, आता दार सोडा जरा.

नाव आठवेना तर मागून हळूच सुचवा, ताटकळत ठेवू नका. नवऱ्याकडून पाकीट मात्र घेतल्याशिवाय हलायचं नाही. पाकीट हातात आलं की बाजूला व्हा, हलगीला खूण करा आणि उजव्या पायानं माप ओलांडू द्या.