मृग लागायच्या आधी नाला मोकळा करा, बाकी सगळं मंग

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू आहे, वावरात पाय भाजून राहिले आणि मी नाल्याच्या गोष्टी करतो म्हणून लोक हसतात. हसा बाप्पा. पण जुलैची झड लागली की पिवळ्या पडलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीचे), डिंक सोडणाऱ्या संत्र्याचे फोटो मलाच येतात आणि मी दरवेळी एकच विचारतो, भाऊ, धुऱ्याखालची (बांधाखालची) मोरी शेवटची कधी साफ केली? त्याचं उत्तर नसते.

हिशोब पाहा. एक एकरावर १० मिमी पाऊस म्हणजे ४० हजार लिटर, दहा हजारी टँकर धरले तर ४. रात्रीतून ६० मिमी झाला तर २४ टँकर, एकाच एकरात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस गटागटा पिऊन घेते, तेव्हा वाटते काही टेन्शन नाही. पण माती फुगून भेगा मिटल्या की पाणी आत जायचा वेग एकदम पडतो, बाकीचं वरूनच वाहणार. अन् जाईल कुठं, नाला गाळानं आन् बेशरमाच्या झुडपानं भरलेला, शेजाऱ्यानं धुरा दोन हात सरकवलेला, पांदण रस्ता करताना मुरूम टाकून मोरी बुजवलेली.

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी, कामठी, मौद्याकडच्या नदीकाठच्यांनी तर जास्तच पाहावं. तुमच्या गावात ऊन असलं तरी पूर येऊ शकतो, कारण वर छिंदवाड्याकडे पडलेलं पाणी पेंच-कन्हाननंच खाली येते. पेंचवरची तोतलाडोह, नवेगाव खैरी धरणं भरली की गेट उघडतात, कन्हान चढते, नाल्याचं तोंड दाबलं जाते आणि नाला उलटा वावरात शिरतो. कुहीकडे खालच्या गोसेखुर्द धरणाचा फुगवटा वेगळाच. विसर्गाचा मेसेज आला की आकड्यापुढचा शब्द वाचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, क्युमेक म्हणजे १००० लिटर, ३५ पटीचा फरक आहे. हे न पाहता नुसतं फॉरवर्ड करतात आणि नदीवरची मोटर वाहून जाते.

आणि गणपती बसले की पाऊस गेला असं समजून चर बुजवू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात काही तासांत १०० मिमीच्या वर पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरात घुसली.

संत्र्यात दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेनं चर काढा, ३० सेमी खोल, वर ४५ आणि तळाला ३० सेमी रुंद. चर बागेच्या बाहेर निघाला पाहिजे, धुऱ्यापाशी संपलेला चर म्हणजे डबकं. मुळ्यांना हवा लागते, पाणी साचून राहिलं की मूळकूज आणि डिंक्या आलाच. खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा, मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. घरी होते, स्वस्त पडते.

पऱ्हाटी एकाएकी मान टाकून राहिली तर आधी पाणी काढा, मग १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पालाश १०० ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम घेऊन झाडाला पाव ते अर्धा लिटर आळवणी, लवकरात लवकर. दुकानदार अशा वेळी हमखास ह्युमिक नाहीतर कोणतं तरी "रूट बूस्टर" काढतो. माझ्या ओळखीतल्या एकानं चिखलात उभं राहून अशा महागाच्या बाटल्या ओतल्या, पाणी तसंच होतं, झाडं गेली. तेवढ्या पैशात जेसीबीचे दोन-तीन तास झाले असते.

बाकी कामं:
- सोयाबीन: उगवण घरी तपासा, ७०% च्या वर पाहिजे
- बीजप्रक्रिया
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही
- पेरणी बीबीएफवर (रुंद वरंबा-सरी), नाहीतर चार ओळींनंतर सरी
- पऱ्हाटीत तुरीच्या ओळी
- धानाची नर्सरी उंच जागी

ज्या जागी नागरमोथा दाट उगवते तिथं खाली पाणी मुरून राहते असा माझा अंदाज आहे, पुस्तकात आहे की नाही माहीत नाही, पण चुकला कमीच. पहिला मोठा पाऊस झाला की छत्री अन् फावडं घेऊन वावरात जा, जिथं तासाभरानंतरही पाणी हलत नाही तिथं काडी रोवा. तिथून चर काढायचा. मोठ्या नाल्याचं काम मात्र तोपर्यंत ठेवू नका, सरपंचाला आन् शेजाऱ्याला आजच गाठा, जेसीबी आता मिळते, मृगात काळ्या मातीत तीच फसते.