सीएफए लेव्हल १: तीनशे तास नेमके कुठे घालवायचे

सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शिअल ॲनालिस्ट, गुंतवणुकीच्या विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा. तिची पहिली पातळी अवघड आहे हे खरं, पण का अवघड आहे याबद्दल बऱ्याच जणांचा सुरुवातीलाच गैरसमज होतो. बीकॉम झालेल्याला किंवा आकड्यांची भीती नसलेल्या इंजिनिअरला समजणार नाही, असा एकही धडा त्यात नाही. अवघड आहे तो पसारा: दहा विषय, १८० प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिट. २०२४ मध्ये चारही वेळा लेव्हल १ चा निकाल ४३ ते ४६ टक्क्यांच्या दरम्यान लागला. २०२१ च्या जुलैत तर तो २२ टक्क्यांपर्यंत घसरला होता. ज्यांचं राहतं, त्यांनी पुस्तक वाचलेलं असतं, समजलेलंही असतं. फक्त पुरेसे प्रश्न सोडवलेले नसतात. अभ्यासाची सगळी आखणी याच एका गोष्टीवर बेतली पाहिजे.

आधी परीक्षेचा आराखडा. सीएफए इन्स्टिट्यूट ही अमेरिकेतली संस्था, व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल इथली. पहिली परीक्षा १९६३ ला झाली. एकूण तीन पातळ्या. लेव्हल १ फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये संगणकावर होते. १३५ मिनिटांची दोन सत्रं, प्रत्येकी ९० प्रश्न, मध्ये सुट्टी. प्रत्येक प्रश्नाला तीनच पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीच्या शेवटच्या टप्प्यातले विद्यार्थीही बसू शकतात: पदवी पूर्ण व्हायला परीक्षेपासून २३ महिने किंवा त्याहून कमी उरलेले असले की झालं. म्हणजे तीन वर्षांच्या बीकॉमला दुसऱ्या वर्षात असतानाही नोंदणी करता येते. पण त्या वयात कॉलेजच्या परीक्षा सांभाळून ३०० तास काढणं जड जातं, हे लक्षात घेऊनच निर्णय घ्या.

नोंदणीत दोन ठिकाणी लोक अडखळतात. पहिलं नाव. फॉर्मवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेल्या नावाचा वेगळा. फॉर्म भरताना मार्कशीट बाजूला ठेवा आणि पासपोर्ट समोर ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुनाच असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्या किंवा जुन्याच नावाने नोंदणी करा. परीक्षा केंद्राच्या दारात नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. पासपोर्टची मुदत परीक्षेच्या दिवशी संपलेली नसावी, हेही तपासा.

दुसरं शुल्क. ते डॉलरमध्ये असतं, दरवर्षी बदलतं, आणि लवकर नोंदणी करणाऱ्याला बरंच कमी पडतं. दोन मुदतींतला फरक काही शे डॉलरचा असतो, तेव्हा तारीख आधी ठरवा आणि पहिल्या मुदतीतच पैसे भरा. रुपयांत हिशेब केला तर एका पातळीचा खर्च लाखाच्या आसपास जातो. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी संस्थेच्या ॲक्सेस स्कॉलरशिपसाठी अर्ज करावा. महिलांसाठी वेगळी स्कॉलरशिप आहे. मिळाली तर शुल्क पुष्कळ कमी होतं. स्कॉलरशिपचा अर्ज नोंदणीच्या आधी करायचा असतो, पैसे भरल्यावर नव्हे.

आता मूळ विषय, अभ्यास. संस्था ३०० तास सांगते. कॉमर्सच्या बाहेरून आलेल्याला ते कमीच पडतात. नोकरी करणाऱ्याने आठवड्याला १२ तास धरले, म्हणजे चार संध्याकाळी दीड-दीड तास आणि शनिवार-रविवार तीन-तीन, तर सहा महिने लागतात. यातले शेवटचे चार आठवडे फक्त सराव परीक्षांसाठी राखून ठेवायचे, त्यात नवीन काही वाचायचं नाही. उरलेल्या पाच महिन्यांत प्रत्येक धड्याला जेवढा वेळ वाचायला, तेवढाच प्रश्न सोडवायला. धडा संपला की त्याच दिवशी त्याचे प्रश्न. 'आधी सगळं वाचून घेऊ, मग सोडवू' म्हणणाऱ्याला पाचव्या महिन्यात पहिल्या महिन्याचं काहीही आठवत नाही.

सुरुवात क्वांटिटेटिव्ह मेथड्सने करा. या विषयाचं वजन ६ ते ९ टक्केच आहे, पण पैशाचं कालमूल्य (उद्या मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत) इथे शिकला नाहीत तर बाँड (कर्जरोखे), शेअरचं मूल्यांकन आणि डेरिव्हेटिव्ह (फ्युचर्स-ऑप्शन्ससारखे करार) सगळंच लंगडं राहतं. त्याच आठवड्यात कॅल्क्युलेटर विकत घ्या. परीक्षेत दोनच चालतात: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा १२सी. भारतात बहुतेक जण बीए टू प्लस घेतात आणि त्याचे धडे, व्हिडिओही जास्त सापडतात. घेतल्या घेतल्या दोन गोष्टी बदला. फॉरमॅटमध्ये जाऊन दशांश ९ करा, नाहीतर तो दोनच आकडे दाखवतो आणि तुम्ही पडद्यावरचा व्याजदर पुन्हा टाइप करता तेव्हा उत्तर शेजारच्या पर्यायावर जातं. मग गणनेची पद्धत 'चेन'वरून 'एओएस'वर न्या. चेनमध्ये २ + ३ × ४ चं उत्तर २० येतं, एओएसमध्ये १४.

बाँडचं एक उदाहरण हाताने करून बघा. दर्शनी किंमत १०००, कूपन (बाँडवर मिळणारं व्याज) वर्षाला ६ टक्के, मुदत ५ वर्षं, बाजारातला परतावा ८ टक्के. कॅल्क्युलेटरवर एन (हप्त्यांची संख्या) ५, व्याज ८, पीएमटी (दर हप्त्याची रक्कम) ६०, एफव्ही (शेवटी मिळणारी रक्कम) १०००. पीव्ही (आजची किंमत) काढला की उत्तर उणे ९२०.१५ येतं. कूपन सहामाही असेल तर एन १०, व्याज ४, पीएमटी ३०, आणि किंमत ९१८.८९. परीक्षेत तीन पर्यायांत हे दोन्ही आकडे हमखास शेजारी असतात. 'सहामाही' हा शब्द घाईत सुटला की गणित बरोबर, उत्तर चूक. उणे चिन्हाचंही लक्षात ठेवा: आपण दिलेले पैसे उणे, मिळालेले अधिक. परतावा काढताना पीव्ही आणि एफव्ही दोन्ही अधिक टाकले की यंत्र 'एरर ५' दाखवतं. आणि प्रत्येक नव्या गणिताआधी टीव्हीएमची, म्हणजे कालमूल्याच्या या कळांची, स्मृती पुसा. मागच्या गणितातला पीएमटी आत राहून गेलेला असतो.

फायनान्शिअल स्टेटमेंट ॲनालिसिस, बाँड आणि इक्विटी या तिघांचं वजन प्रत्येकी ११ ते १४ टक्के. सर्वात जास्त वेळ स्टेटमेंटच्या विषयाला द्या. कॉमर्सवाल्यांना तो ओळखीचा वाटतो आणि तिथेच ते गुण घालवतात, कारण इथे हिशेब लिहायचे नसतात, लिहिलेल्या हिशेबाचा अर्थ लावायचा असतो. शिवाय आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकं) आणि अमेरिकन गॅप (अमेरिकेतली हिशेब-मानकं) यांतले फरक पाठ असावे लागतात. साठ्याच्या मूल्यांकनात लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं) अमेरिकेत चालतं, आयएफआरएसमध्ये नाही. साठ्याची किंमत एकदा घटवली आणि नंतर वाढली, तर आयएफआरएस ती परत वर घ्यायला देतं, अमेरिकन पद्धत देत नाही. विकासाचा खर्च काही अटींवर आयएफआरएस भांडवली धरतं, अमेरिकन पद्धतीत तो बहुधा त्याच वर्षी खर्ची पडतो. सीए करून आलेल्यांनी रोखप्रवाहात विशेष सांभाळायला हवं. आपल्या इंड एएसमध्ये (भारतीय हिशेब-मानकांत) बिगरवित्तीय कंपनीचं भरलेलं व्याज फायनान्सिंगमध्येच (भांडवल उभारणीच्या भागात) जातं. अभ्यासक्रमातलं आयएफआरएस ऑपरेटिंग (नेहमीच्या व्यवसायाचा भाग) किंवा फायनान्सिंग, दोन्हींना मुभा देतं आणि अमेरिकन गॅप ते ऑपरेटिंगमध्ये टाकतं. अशा फरकांचा एक तक्ता स्वतःच्या हाताने, एका पानावर तयार करा. विकतचा तक्ता डोळ्यांखालून जातो, डोक्यात राहत नाही.

बाँडमध्ये ड्युरेशन (व्याजदर बदलला की किंमत किती हलते याचं माप) आणि कॉन्व्हेक्सिटी (त्या मापातली वक्रतेची दुरुस्ती) ही दोन प्रकरणं पुन्हा पुन्हा करा. सुधारित ड्युरेशन ४ असेल आणि व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढला, तर किंमत साधारण २ टक्के पडते, हे कॅल्क्युलेटर न घेता सुचलं पाहिजे.

नीतिशास्त्राचं वजन १५ ते २० टक्के, म्हणजे सगळ्यांत जास्त. तरीही लोक ते 'शेवटी वाचू' म्हणून ठेवतात. सहज बुद्धीने उत्तर येईल असं वाटतं, आणि नेमकं तेच उत्तर पर्यायांत चुकीचं म्हणून ठेवलेलं असतं. सात मानकं आहेत. प्रत्येकाखाली प्रसंग दिलेत. नियमाच्या ओळी पाठ करण्यापेक्षा ते प्रसंग वाचा आणि निकाल असा का लागला ते एका वाक्यात लिहा. देशाचा कायदा आणि संस्थेचा नियम यांत फरक असेल तर जो कडक, तो पाळायचा. जाहीर माहिती आणि किरकोळ अप्रकाशित माहिती जोडून स्वतः काढलेला निष्कर्ष चालतो. महत्त्वाची अप्रकाशित माहिती एक जरी वापरली तरी नियमभंग. हा विषय दोनदा करा, एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा शेवटच्या पंधरा दिवसांत. उत्तीर्णतेच्या अगदी सीमेवर असलेल्याचा निकाल नीतिशास्त्रातल्या कामगिरीवर इकडचा तिकडे होऊ शकतो.

इकॉनॉमिक्स, कॉर्पोरेट इश्युअर्स, डेरिव्हेटिव्ह आणि अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट्स यांत संकल्पना पक्क्या करून पुढे जा. डेरिव्हेटिव्हमध्ये आकडेमोड कमी आणि कोण फायद्यात, कोण तोट्यात हा विचार जास्त. पोर्टफोलिओ मॅनेजमेंटचे गुण मात्र मेहनतीच्या मानाने स्वस्तात मिळतात. ते सोडू नका.

प्रॅक्टिकल स्किल्स मॉड्यूल नावाचा एक भाग २०२४ पासून सक्तीचा झाला आहे. फायनान्शिअल मॉडेलिंग किंवा पायथन यांसारख्या पर्यायांतून एक निवडायचा आणि ऑनलाइन पूर्ण करायचा. त्याचे गुण परीक्षेत धरत नाहीत, पण तो पूर्ण केल्याशिवाय निकाल हातात पडत नाही. १० ते २० तासांचं काम आहे. परीक्षेच्या महिन्यावर ढकलू नका.

शेवटच्या चार आठवड्यांत किमान चार पूर्ण सराव परीक्षा द्या, पैकी संस्थेच्या स्वतःच्या आधी, कारण प्रश्नांची भाषा तीच असते. सकाळी बसा, घड्याळ लावा, दोन्ही सत्रं एकाच दिवशी करा. सूत्रांची यादी परीक्षेत मिळत नाही, तेव्हा सरावातही जवळ ठेवू नका. माझ्या मते खरा अभ्यास सराव परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी होतो. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात लिहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण गणित चुकलं, प्रश्नच नीट वाचला नाही. तिसरा रकाना भरत गेला तर पुस्तकाकडे परत जाऊन उपयोग नाही. 'सर्वांत कमी शक्य' (लीस्ट लाइकली) असं विचारणारे प्रश्न हळू वाचायची सवय लावावी लागेल. सलग तीन परीक्षांत ७० टक्क्यांच्या वर असाल तर तयारी ठीक आहे. पहिली ५५ वर आली तर खचू नका. चार आठवड्यांत तेवढं अंतर भरून निघतं, फक्त चुकांची वही रोज उघडली पाहिजे.

परीक्षेत पहिल्या सत्रात नीतिशास्त्र, क्वांट, इकॉनॉमिक्स आणि स्टेटमेंट असतात. बाकीचे सहा दुसऱ्यात. दोन मिनिटांत सुटत नसेल तर अंदाजाने एक पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे चला. ४५ मिनिटांना ३० प्रश्न, ९० मिनिटांना ६० प्रश्न, एवढंच घड्याळाकडे बघा. निकाल पाच ते आठ आठवड्यांत येतो. राहिलंच, तर एका वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही, दोन प्रयत्नांत सहा महिन्यांचं अंतर लागतं, आणि एका पातळीला एकूण सहा प्रयत्न मिळतात.

आणि नोकरी? इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण क्लासच्या जाहिराती बोलत नाहीत. सीएफए हा परवाना नाही. सीएला ऑडिट अहवालावर सही करण्याचा कायदेशीर अधिकार आहे, तसा कुठलाही अधिकार सीएफएने मिळत नाही. त्याची किंमत आहे ती विश्लेषणाच्या कामात: ब्रोकरेजमधलं इक्विटी रिसर्च, म्युच्युअल फंड, पीएमएस (श्रीमंत ग्राहकांचे पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या संस्था), पतमानांकन संस्था, आणि मुंबई-पुण्यात परदेशी बँकांसाठी संशोधनाचं काम करणारी केंद्रं. या ठिकाणी लेव्हल १ पास असलेल्या फ्रेशरचा बायोडेटा वाचला जातो, मुलाखतीचं बोलावणं यायची शक्यता वाढते. टॅक्स, ऑडिट किंवा कंपनीच्या अकाउंट्स विभागात जायचं असेल, तर हेच पैसे आणि हेच तास दुसरीकडे घाला.

मुलाखतीत 'लेव्हल १ पास' यावर कुणी थांबत नाही. एखाद्या कंपनीबद्दल तुमचं मत विचारतात. म्हणून परीक्षा झाल्यावर निकालाची वाट बघण्याच्या दोन महिन्यांत शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढा, एक्सेलमध्ये तिन्ही पत्रकं एकमेकांना जोडून मॉडेल बनवा आणि दोन पानांत शेअर घ्यावा की नाही ते लिहा. रिसर्चमध्ये जायचं असेल तर एनआयएसएमची (सेबीने स्थापन केलेल्या शेअर बाजार प्रशिक्षण संस्थेची) सिरीज १५, रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा, याच काळात देऊन टाका. लेव्हल १ नंतर ती सोपी जाते, आणि रिसर्चच्या कामासाठी ती नियमानेच लागते.

बायोडेटावर काय लिहायचं यालाही नियम आहे, आणि तो तुम्ही अभ्यासलेल्या सातव्या मानकात येतो. 'सीएफए लेव्हल १ उत्तीर्ण' असं लिहिता येतं. पुढच्या पातळीची नोंदणी केली असेल तरच 'लेव्हल २ कँडिडेट'. नावापुढे सीएफए लावायचं ते तिन्ही पातळ्या, किमान ३६ महिन्यांत मिळवलेला ४००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव आणि सदस्यत्व मिळाल्यावरच. 'सीएफए, अपेक्षित २०२८' असं लिहिणं हा नियमभंग आहे, आणि मुलाखत घेणारा स्वतः चार्टरधारक असेल तर ते त्याच्या पहिल्या नजरेत येतं.