शिबंवालं यीस्ट प्लेटवर वाढवायचंय? आधी तेल द्या

पावसाळा लागला, घामट कपडे अंगावर वाळायला लागले की आमच्या रत्नागिरीकडे लोकांच्या पाठीवर शिबं उठायला लागतात. ती आणणारं मॅलासेझिया हे यीस्ट तसं निरोगी कातडीवरही असतंच, पण साध्या एसडीएवर (साबुरो डेक्स्ट्रोज अगर, बुरशी वाढवायचं नेहमीचं माध्यम) बहुतेक जाती उगवत नाहीत कारण त्यांना स्वतःचं फॅटी अ‍ॅसिड बनवता येत नाही, ते बाहेरून मिळालं तरच जगतात.

म्हणून मॉडिफाइड डिक्सन अगर घ्या, त्यात ऑक्स बाइल (बैलाचं पित्त), ट्वीन 40 (फॅटी अ‍ॅसिड असलेलं साबणासारखं रसायन), ओलेइक हे फॅटी अ‍ॅसिड असतं. बजेट नसेल तर एसडीएवर निर्जंतुक ऑलिव्ह ऑइलचा पातळ थर पसरा. आमच्याकडे पोरं हमखास विचारतात, सर खोबरेल चालेल का? नको, त्यात लॉरिक अ‍ॅसिड जास्त, आपल्याला ओलेइक हवंय, आणि एसीत ते थिजतं ते वेगळंच.

आता बाकीची गर्दी हटवायची. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला, बॅक्टेरिया थांबतात, आणि 500 मिलिग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड, त्याने बऱ्याचशा बुरश्या दबतात पण मॅलासेझियाला काही होत नाही. ते विषारी आहे हां, ग्लोव्हज घालूनच मोजा. मी पहिल्यांदा काटकसर म्हणून ते घातलंच नाही, जुलै महिना, चौथ्या दिवशी सगळ्या प्लेटा हिरव्यागार, नुसतं शेवाळ आल्यासारखं.

सॅम्पल पाठीवरून खरवडून घ्या आणि लगेच लावा, फ्रीजमध्ये ठेवू नका. 32 ते 34 डिग्री, प्लेटा पिशवीत घालून म्हणजे सुकत नाहीत, आणि दोन आठवडे फेकायच्या नाहीत. मधे लाईट गेली तरी फार टेन्शन घेऊ नका, इथली खोलीच तिशीच्या आसपास असते.

दोन दिवसांत गुळगुळीत पांढरी कॉलनी टम्म फुगली तर कॅन्डिडा या दुसऱ्या यीस्टचा संशय घ्या, कारण त्याची अल्बिकन्स जात सायक्लोहेक्झिमाइडलाही दाद देत नाही. आपलं यीस्ट सावकाश येतं, क्रीम रंगाचं, मळकट. मायक्रोस्कोपखाली बुडाशी फुगलेली बाटली दिसते, मान एकाच टोकाला आणि तिथूनच नवी कळी. तरी शंका असेल तर त्यातलंच थोडं तेल नसलेल्या एसडीएवर ओढा, तिथे काहीच आलं नाही तर बहुतेक तेच (मॅलासेझियाची पॅकिडर्मेटिस जात मात्र तिथेही उगवते, ती जास्त करून कुत्र्यांच्या कानात सापडते).

कल्चर जपायचं तर उणे 80 डिग्रीत, नाहीतर दर पंधरवड्याला नव्या प्लेटवर. ग्लोबोसा ही जात तर फारच नाजूक, माझी गणपतीच्या सुट्टीत गेली ती गेलीच.